पेव

हरिपुरात उत्तर-दक्षिण कुणी विचारत नाही.
घाटाकडं, चिंचांकडं, नाहीतर पल्याड,
तीन दिशांत भागतं आमचं.
सांगलीहून आलेला रस्ता देवळापाशी संपतो,
मागं पायऱ्या. किती, ते कुणी सांगू शकत नाही.
शेवटच्या काही बारा महिने पाण्यातच असतात.

समोरून वारणा येते.
दोघींचं पाणी हौसाक्काला वेगळं ओळखू येतं,
धुणं आपटता आपटता ती सांगते:
"ह्ये डोंगराचं, त्ये शेताचं. साबण हिच्यात फेसतोय."
मला एकच नदी दिसते.
मी मान हलवतो.

पण हे झालं वरचं गाव.

खाली आणखी एक होतं.
तोंड माणूस उतरेल एवढं, पोट खोलीएवढं,
बुडाला आणि कडेनं पाचट,
त्यात हळद ओतायची, झाकायची, माती सारवायची
आणि विसरायची. दोन वर्षं, पाच वर्षं,
भाव येईतो.
म्हणून आमच्याकडं अंगण म्हणजे कुणाचं तरी छप्पर.
पोरगं चालायला लागलं की आधी सांगायचे,
कुठं उड्या मारायच्या नाहीत.

पेव उघडायच्या दिवशी दस्तगीर तांबोळी कुणाशी बोलत नसत.
झाकण काढून लांब बसत.
रात्र जाऊ देत.
सकाळी दोरीनं कंदील आत सोडत.
जळत राहिला, तर दस्तगीर खाली.
विझला, तर चहा.
"घाई त्येला, ज्येला परत वर यायचं न्हाई,"
हे एकदाच म्हणाले, तेही बशीत फुंकर मारताना.

त्या साली आयर्विनच्या पट्टीवरचे आकडे
रेडिओ दर तासाला सांगत होता.
आम्ही रस्त्याकडं बघत बसलो.
पाणी रस्त्यानं आलंच नाही आधी.
फरशीच्या सांध्यांतून आलं,
पिवळं.
आमचे अण्णा उकिडवे बसले, बोट बुडवलं,
नाकाशी नेलं.
"राजापुरी," म्हणाले. "तिसऱ्या सालची."
मग ट्रंका माळ्यावर चढवायला उठले.

कुणीतरी म्हणालं, कृष्णामाईला हळद लागली.
म्हणणारा पाहुणा होता.
त्याचं एक पोतं नव्हतं खाली.

पंचनाम्याला भाऊसाहेब आले, गुडघ्यापर्यंत चिखल.
भिंती विचारल्या, जनावरं, भांडी, शिलाई मशीन.
जमिनीच्या आतलं काही लिहायला
फॉर्मात रकाना नव्हता.
माणूस भला होता. थोडा वेळ पेन चावलं
आणि 'इतर'पुढं लिहिलं:
खड्डा, एक.

आता हळद कोल्ड स्टोअरेजला जाते, पावती मिळते.
पल्याड जायला पूल झाला.
गणपा अंबीची नाव काठावर पालथी पडलीय,
बायका तिच्यावर मिरच्या वाळत घालतात.
त्यांना विचारलं, राग नाही येत?
"बुडाला ऊन लागाय पायजे की कवातरी."

आमचं पेव बुजवलं. चार ट्रॅक्टर मुरूम, वर फरशी.
मुरूम खाली बसत जातो, दर पावसाळ्याला थोडा,
ते वरून कळत नाही.

परवा धाकट्याची नवी बायको आली पुण्याहून,
चाकांची बॅग ओढत.
अंगणभर खडखड, खडखड,
आणि जास्वंदीपाशी तो आवाज
एकदम मोठा झाला,
खाली कुणीतरी तीच बॅग ओढत असल्यासारखा.
ती थांबली.
ओट्यावर आम्ही सगळे, हातात कप, थांबलो.
काहीतरी सांगायला हवं होतं तिला,
पण सुरुवात कुठून करायची?

अण्णांना हल्ली कमी ऐकू येतं.
तरी पहिला हात त्यांचाच वर झाला:
जरा डावीकडून, बाळ.
हळू.